ओव्हिडच्या रूपांतरकथा : शरीर जातं, मन मागे राहतं

वेतसी

अ‍ॅक्टिऑन हा थीब्जच्या राजघराण्यातला तरुण, कॅडमसचा नातू. सकाळभर शिकार झाली, दुपारी ऊन चढलं, म्हणून मित्रांना विसावा घ्यायला सांगून तो एकटाच भटकत गार्गाफीच्या दरीत उतरतो. तिथल्या झऱ्यावर शिकारीची देवी डायना सख्यांसोबत स्नान करते आहे. तो काही चोरून बघायला आलेला नाही, वाट चुकला आहे. देवीचे बाण हाताशी नाहीत, म्हणून ती ओंजळभर पाणी त्याच्या तोंडावर फेकते आणि म्हणते, मला विवस्त्र पाहिलंस हे आता जाऊन सांग, सांगता आलं तर.

त्याला शिंगं फुटतात, मान लांबते, हातांचे पाय होतात. तो पळतो आणि आपल्याच वेगाचं त्याला नवल वाटतं. मग पाण्यात स्वतःचं रूप दिसतं. हाय म्हणावं म्हणतो तर शब्द उमटत नाही, नुसता कण्हण्याचा आवाज येतो, आणि जो चेहरा आता त्याचा राहिलेला नाही त्याच्यावरून आसवं ओघळतात. मन तेवढं पूर्वीचं उरलं, असं ओव्हिड तिथे म्हणतो.

पुढे त्याचेच कुत्रे त्याच्यावर तुटून पडतात. ओव्हिड तीसहून अधिक कुत्र्यांची नावं घेतो. वीरकाव्यात योद्ध्यांची यादी यावी तशी ही यादी येते आणि ती संपेपर्यंत आपला जीव टांगणीला लागतो. मी अ‍ॅक्टिऑन आहे, धन्याला ओळखा, हे त्याला ओरडायचं आहे. मागून मित्र येतात, कुत्र्यांना चेव देतात आणि अ‍ॅक्टिऑनच्या नावाने हाका मारतात. एवढी मोठी शिकार सापडली आणि हा नेमका जागेवर नाही, म्हणून हळहळतात. नाव ऐकून हरीण मान वळवतं.

एवढ्या वर्षांत ही कथा जितक्यांदा वाचली, तितक्यांदा मी त्या मान वळवण्यापाशी थांबले. धागा काढायचं कारण तेच.

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओव्हिड हा रोमन कवी, इ.स.पू. ४३ मध्ये सुल्मो गावी जन्मला. 'मेटामॉर्फोसिस' हे त्याचं १५ सर्गांचं, जवळजवळ १२,००० ओळींचं लॅटिन काव्य इ.स. ८ च्या सुमारास पुरं झालं. त्यात अडीचशेच्या आसपास कथा आहेत. विश्वाच्या उत्पत्तीपासून ज्यूलिअस सीझरचा तारा होण्यापर्यंत, आणि सगळ्यांत कुणाचं ना कुणाचं रूप बदलतं. वृत्त होमरचं, महाकाव्याचं, पण एक नायक नाही, एक युद्ध नाही.

एवढ्या कथांतून मला जे सलग दिसतं ते असं : रूप बदलणं हे यात सर्वांत भयंकर नाही. भयंकर आहे ते माणूस आत शाबूत राहून त्याचा आवाज जाणं. आयो या तरुणीला देवांचा राजा ज्युपिटर गाय करून टाकतो, बायको जूनोच्या नजरेतून स्वतःची लबाडी लपवायला. शंभर डोळ्यांचा आर्गस तिच्यावर पहारा करतो. त्याच्यापुढे हात पसरावेत तर हात नाहीत, तक्रार करावी तर हंबरडा निघतो आणि त्या आवाजाने तीच दचकते. बाप इनाकस तिला न ओळखता गवत भरवतो, ती त्याचे हात चाटते आणि शेवटी खुराने धुळीत आपलं नाव लिहिते. कॅलिस्टो अस्वल होते, पण रानात अस्वलं दिसली की घाबरते. लांडग्यांनाही घाबरते, आणि त्या लांडग्यांत तिचा लांडगा झालेला बाप आहे.

मूळ कल्पना होमरपासूनची आहे. 'ओडिसी'च्या १० व्या सर्गात सर्सी ही जादूगारीण ओडिसिअसच्या साथीदारांची डुकरं करते. डोकं डुकराचं, आवाज डुकराचा, राठ केसही डुकराचे, पण बुद्धी होती तशीच, असं होमर एका ओळीत सांगून पुढे जातो. ओव्हिड त्या एका ओळीत शिरून बसला. त्याच्या १४ व्या सर्गात मॅकारिअस नावाचा साथीदार ही हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगतो : सांगायला लाज वाटते, पण अंगावर राठ केस यायला लागले, बोलता येईना, तोंड जमिनीकडे वळलं. आतून कसं वाटलं हे होमरने विचारलं नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं? रूपांतर ही शिक्षा आहे, सुटका आहे, की तिसरंच काही?

---

मावळतीर

वेतसीताई, उत्तम विषय. पण दाफ्नेची कथा तुमच्या मांडणीत कशी बसते? तिथे रूपांतर ती स्वतः मागते. अपोलो देव पाठीमागे लागलाय, ती थकली, पेनिअस नदी दिसली, तोच तिचा बाप, आणि तिने त्याला विनवलं, ज्या रूपामुळे हे ओढवलं ते नाहीसं कर. लगेच अंग जड झालं, सालीने वेढलं, केसांची पानं झाली, ती लॉरेलचं झाड झाली. मला ती सुटकाच वाटते.

---

निशिगंध

सुटका कशापासून? पुढच्या पंधरा-वीस ओळी वाचा. अपोलो खोडावर हात ठेवतो तर सालीखाली काळीज अजून धडधडत असतं. तो फांद्यांना मिठी मारतो, लाकडाची चुंबनं घेतो, आणि लाकूडसुद्धा मागे सरतं. मग तो जाहीर करतो की बायको झाली नाहीस तरी माझं झाड नक्की होशील. माझ्या केसांत, माझ्या वीणेवर, माझ्या भात्यावर तूच असशील, विजयी सेनापतींसोबत मिरवशील, सम्राट ऑगस्टसच्या दाराशी उभी राहशील. ऑगस्टसच्या घराच्या दाराशी खरोखर लॉरेलची झाडं होती, तो मान त्याला इ.स.पू. २७ मध्ये सिनेटने दिला होता. म्हणजे पळून गेलेल्या मुलीची पानं राजसत्तेचं चिन्ह झाली.

शेवटी ओव्हिड म्हणतो, लॉरेलने शेंडा हलवला, जणू मान डोलावली असं वाटलं. ते वाटलं कुणाला? अपोलोला. झाड वाऱ्यानेही हलतं. तिचा होकार कुणी ऐकलेला नाही, आणि कवीने तो जाणूनबुजून संदिग्ध ठेवला आहे.

याच प्रसंगावरचं बेर्निनीचं शिल्प रोमच्या बोर्गेझे संग्रहालयात आहे, १६२२ ते १६२५ मधलं. बोटांतून पानं फुटताना दाखवली आहेत. लोक त्याच्या सौंदर्याबद्दल बोलतात. मला त्यात तिचं उघडं राहिलेलं तोंड दिसतं.

---

गोदातीर

हे वाचताना अहल्या आठवणार हे उघड आहे, म्हणून थोडी भर. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात अहल्या शिळा होत नाही. ती राखेत पडून, वारा भक्षून, कुणाला न दिसता तप करत राहते. शिळा नंतरच्या परंपरेत आली. पण दोन्हीकडे शापाला शेवट आहे, राम येईल तेव्हा. आपल्याकडच्या शापकथांत बहुतेक वेळा शाप देणाराच उःशाप सांगून ठेवतो. नहुष अजगर होतो, तोही युधिष्ठिर भेटेपर्यंतच. ग्रीक-रोमन कथांत असं काही असतं का?

---

वेतसी

गोदातीर, फार महत्त्वाचं विचारलंत. जवळपास नसतंच. ओव्हिडने तिसऱ्या सर्गात नियमच सांगितला आहे : एका देवाने केलेलं दुसऱ्या देवाला रद्द करता येत नाही. जूनोने टायरेसिअसला आंधळं केलं, तेव्हा ज्युपिटर दृष्टी परत देऊ शकला नाही. त्याने बदल्यात भविष्य बघण्याची शक्ती दिली. भरपाई होते, पण झालेलं पुसलं जात नाही. कॅलिस्टोलाही परत माणूस करत नाहीत, आकाशात नेऊन बसवतात.

आयो हा ठळक अपवाद. तिला नाईलच्या काठी स्त्रीरूप परत मिळतं. पण ओव्हिड तिथेही घाई करत नाही. ती दोन पायांवर उभी राहते आणि बोलायला घाबरते, पुन्हा हंबरडा निघाला तर? मग तुटक तुटक शब्द चाचपून बघते. ग्रीक नाटककार एस्किलसच्या नावावर असलेल्या 'प्रोमिथिअस' नाटकात आयो शिंगं असलेल्या रूपात रंगमंचावर येते आणि भरभरून बोलते, कारण नाटकात तिला बोलावंच लागतं. ओव्हिडने तिचं बोलणं काढून घेतलं आणि कथा तिथे उभी केली.

निशिगंध, दाफ्नेबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत.

---

बखरकार

या कथा ओव्हिडने रचल्या नाहीत हे लक्षात ठेवून वाचलं तर त्याची निवड जास्त कळते. रूपांतरांवर त्याच्याआधी ग्रीकांत स्वतंत्र काव्यं होती. कोलोफोनच्या निकँडरने इ.स.पू. दुसऱ्या शतकात या विषयावर लिहिलं, ते हरवलं. बोइओसच्या नावावरचं एक काव्य तर फक्त माणसांच्या पक्षी होण्यावर होतं, तेही गेलं. आपल्याला त्यांची ओळख आहे ती मुख्यतः अँटोनिनस लिबरालिस नावाच्या संकलकामुळे. त्याने ४१ कथांचे गद्य सारांश ग्रीकमध्ये लिहिले आणि तेही हायडेलबर्गच्या एकुलत्या एका हस्तलिखितातून आपल्यापर्यंत आले. ते सारांश कोरडे आहेत : अमका तमक्याचा मुलगा, त्याने असं केलं, देव कोपला, तो पक्षी झाला, आजही त्या गावात असा विधी करतात. एखादी प्रथा किंवा पक्ष्याचं नाव कुठून आलं हे सांगणं हा तिथला हेतू. त्या पक्ष्याला काय वाटतं हा प्रश्नच नाही.

अ‍ॅक्टिऑनचंच घ्या. युरिपिडीजच्या 'बाखाय' नाटकात त्याचा गुन्हा म्हणजे आपण आर्टेमिसपेक्षा (म्हणजे ग्रीकांच्या डायनापेक्षा) चांगले शिकारी आहोत ही बढाई. कवी स्टेसिकोरसच्या मते, असं ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनिअस सांगतो, त्याला मावशी सेमेलीशी लग्न करू द्यायचं नव्हतं म्हणून देवीने त्याच्यावर हरणाचं कातडं टाकलं. स्नान आणि तेही नकळत दिसणं हे ग्रीक कवी कॅलिमाकसच्या सूक्तात येतं. ओव्हिडने ती वाट धरली आणि कथेच्या आरंभीच बजावलं की यात दोष दैवाचा, वाट चुकण्यात कसला आलाय गुन्हा! कथा संपल्यावर तो म्हणतो की लोकांत मतभेद झाले : कुणाला देवी न्यायापेक्षा जास्त क्रूर वाटली, कुणी तिच्या कौमार्याला शोभेसं म्हणून वाखाणलं. निकाल तो स्वतः देत नाही.

आणि मग इ.स. ८ मध्ये ऑगस्टसने त्याला काळ्या समुद्राकाठी टोमिसला धाडलं, आजचं रुमानियातलं कॉन्स्टान्त्सा. तिथून लिहिलेल्या कवितेत तो विचारतो, मी का काही पाहिलं? आणि उदाहरण देतो अ‍ॅक्टिऑनचं. आपली दशासुद्धा आता त्या बदललेल्या शरीरांच्या कथांत घालावी, असंही तो लिहितो. लॅटिन न कळणाऱ्या लोकांत लॅटिनचा सर्वांत मोठा जिवंत कवी जाऊन पडला. वेतसीताईंचा मुद्दा त्याच्या आयुष्यावरच येऊन थांबतो.

---

तारांगण

कॅलिस्टोबद्दल आकाशाच्या बाजूने. जूनोचा राग कॅलिस्टो तारा झाल्यावरही शमत नाही. ती समुद्राच्या देवतांकडे जाते आणि मागणं मागते की या अस्वलाला तुमच्या पाण्यात बुडी मारू देऊ नका. म्हणून सप्तर्षी, म्हणजे ग्रीकांचं अस्वल, मावळत नाहीत. हे निरीक्षण 'इलियड'च्या १८ व्या सर्गातही आहे : अकिलीसच्या ढालीवर जे आकाश कोरलंय त्यात अस्वलालाच तेवढं सागरस्नान नाही.

ग्रीसच्या अक्षांशावरून हे प्राचीन काळी अगदी खरं होतं. पृथ्वीच्या अक्षाच्या संथ भोवऱ्यामुळे तेव्हा सप्तर्षी ध्रुवाच्या आजच्यापेक्षा जवळ होते, सातही तारे रात्रभर क्षितिजाच्या वर राहत. महाराष्ट्रातून मात्र सप्तर्षी चक्क मावळतात, कारण आपल्याकडे ध्रुवच क्षितिजापासून जेमतेम १६ ते २२ अंशांवर असतो. जूनोचा शाप आपल्या आकाशात लागू होत नाही. ही कथा आपल्या अक्षांशावर जन्मली नसती.

---

पाचूबेट

मला मूळ मांडणीवर आक्षेप घ्यायचा आहे. मन उरतं आणि आवाज जातो, हे आयो, कॅलिस्टो, अ‍ॅक्टिऑन यांना लागू आहे. पण पहिल्याच सर्गातला लायकेऑन बघा, कॅलिस्टोचा बाप. तो अतिथीला नरमांस वाढणारा क्रूर राजा, त्याचा लांडगा होतो. तेच पांढरे केस, तीच हिंस्र मुद्रा, तेच चकाकते डोळे. इथे मन शरीरात कोंडलेलं नाही. आत होतं ते बाहेर आलं एवढंच. ट्रॉयची राणी हेक्युबा, तिचंही तसंच. ट्रॉय पडलं, मुलं गेली, शेवटचा पॉलिडोरस ज्याच्याकडे सोपवला त्या राजानेच त्याला सोन्यासाठी मारला. ती त्याचे डोळे उपटते, लोक दगड मारतात, ती दगडाच्या मागे धावून त्याला चावते आणि बोलायला जाते तर भुंकते. कुत्री होणं म्हणजे तिच्या दुःखाला मिळालेलं योग्य शरीर.

आणि वनदेवता एको? तिचं नेमकं उलट आहे. शरीर झिजून जातं, हाडांचे दगड होतात आणि उरतो फक्त आवाज.

नायोबी राणी तर या दोन्ही गटांत बसत नाही. मुलांच्या संख्येचा गर्व केला म्हणून सगळी मुलं मारली गेली. ओव्हिडकडे सात मुलगे आणि सात मुली, होमरकडे सहा-सहा. ती दगड होते, जीभ टाळूला थिजते, केस वाऱ्याने हलत नाहीत, पण दगड रडत राहतो. पॉसेनिअस दुसऱ्या शतकात सिपिलस डोंगरावर स्वतः चढून बघून आला. जवळून तो नुसता कडा आहे, बाई दिसत नाही, रडणारी तर नाहीच. लांब गेलात तर डोकं झुकवून रडणारी स्त्री दिसते. आज तो डोंगर तुर्कस्तानात मनिसाजवळ आहे.

---

वेतसी

पाचूबेट, लायकेऑनचा मुद्दा मान्य. तो वेगळ्या जातीचा आहे. पण एकोवर भांडणार. एकोचा आवाज उरतो, बोलणं उरत नाही. शरीर असतानाच जूनोने तिच्याकडून पहिला शब्द उच्चारण्याची ताकद काढून घेतली होती. दुसऱ्याच्या वाक्याची शेपटी तेवढी परत करायची. तिचं प्रेम असलेल्या नार्सिससला स्वतःहून हाक मारता येत नाही म्हणून ती त्याच्या बोलण्याची वाट बघते. आतलं सांगता न येणं ही तीच यातना आहे, दुसऱ्या टोकाने.

हेक्युबाला योग्य शरीर मिळालं हे मला पटत नाही. तिच्याबद्दल ट्रोजन, ग्रीक आणि सगळे देव हळहळले, जूनोसुद्धा म्हणाली की एवढं तिच्या वाट्याला यायला नको होतं. ओव्हिड हे मुद्दाम सांगतो.

या संदर्भात पिग्मॅलियनची कथा बघा. लोक तिला सुखान्त म्हणतात. हस्तिदंती पुतळा जिवंत होतो, स्त्री होते, लाजते, डोळे उघडते तेव्हा तिला प्रकाश आणि प्रियकर एकाच वेळी दिसतात. लग्न, मूल, सगळं होतं. संपूर्ण कथेत ती एक शब्द बोलत नाही, ओव्हिडने तिला नावही दिलेलं नाही. गॅलेटिया हे नाव फार नंतरचं. इथे पुतळ्याचा माणूस झाला तरी आवाज आला नाही.

---

निशिगंध

म्हणूनच सहावा सर्ग मला सगळ्यांत धारदार वाटतो. आवाज गेल्यावर काय उरतं याचं उत्तर तिथे आहे : हातमाग.

टेरिअस मेहुणी फिलोमेलावर बलात्कार करतो, ती जगाला ओरडून सांगेन म्हणते तेव्हा तिची जीभ कापतो. ती पांढऱ्या सुतात जांभळ्या धाग्याने घडलेलं विणते आणि बहिणीकडे पाठवते. प्रॉक्नी ते वाचते. पुढचा सूड भयानक आहे, स्वतःच्या मुलाला मारून बापाला वाढण्याचा, आणि तिघेही पक्षी होतात. ग्रीक परंपरेत प्रॉक्नी बुलबुलासारखी गाणारी नाइटिंगेल आणि जीभ नसलेली फिलोमेला पाकोळी. रोमन कवींनी बहुधा अदलाबदल केली. ओव्हिड कोण कोणता पक्षी झालं हे सांगतच नाही, फक्त छातीवरच्या रक्ताच्या खुणा दाखवतो.

त्याच सर्गाच्या सुरुवातीला अरॅक्नी. लिडियातल्या रंगाऱ्याची मुलगी, कुळ मोठं नाही, कला मोठी. तिच्याशी विणकामाची स्पर्धा करणारी देवी मिनर्व्हा आपल्या वस्त्रावर सिंहासनावरचे देव आणि चार कोपऱ्यांत माणसांना झालेल्या शिक्षा विणते. अरॅक्नी देवांनी रूपं बदलून फसवलेल्या बायका विणते : युरोपा, लीडा, डॅनाई, एकामागून एक. मिनर्व्हाला त्यात खोट सापडत नाही, खुद्द मत्सरालाही सापडली नसती. म्हणून ती वस्त्र फाडते आणि धोट्याने अरॅक्नीच्या कपाळावर मारते. अरॅक्नी गळफास घेते, देवी तिला कोळी करून टांगलेली ठेवते. ओव्हिडचं स्वतःचं काव्य कोणत्या वस्त्रासारखं आहे? मला तरी शंका नाही.

---

सुरपारंब्या

पहिल्यांदाच लिहितेय. कॉलेजात असताना इफिसची कथा वाचली होती, नववा सर्ग. क्रीटमधला गरीब बाप गरोदर बायकोला सांगतो, मुलगी झाली तर मारून टाकावी लागेल, आणि दोघंही रडतात. मुलगी होते. आयसिस देवीच्या आज्ञेवरून आई तिला मुलगा म्हणून वाढवते. तेराव्या वर्षी तिचं इआन्थीशी लग्न ठरतं, आणि तिचं इआन्थीवर खरंच प्रेम आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी आई देवळात धावा करते, बाहेर पडताना इफिसची पावलं लांब पडायला लागतात, ती मुलगा होते. या कथेत कुणाचाही आवाज जात नाही. उलट रूपांतराआधीच इफिस स्वतःशी एवढं बोलते, प्रेमाबद्दल, अशक्यतेबद्दल. शिखंडीची आठवण झाली, पण तिथे सूड आहे, इथे नुसतं प्रेम. मुलगी नको म्हणणारा तो बाप मला अनोळखी वाटला नाही.

---

मावळतीर

सुरपारंब्या, सुंदर लिहिलंत, लिहीत राहा. असाच एक अपवाद मीही मांडतो. आठव्या सर्गातले बॉसिस आणि फिलेमॉन, फ्रिजियातलं म्हातारं जोडपं. हजार घरांनी दार लावलं, यांच्या झोपडीने वेषांतरातल्या ज्युपिटर आणि मर्क्युरीला आत घेतलं. ओव्हिड सगळा स्वयंपाक सांगतो : कोबी, धुरावलेल्या तुळईवरून काढलेलं डुकराचं मांस, लंगडणाऱ्या टेबलाच्या पायाखाली खापरीचा तुकडा. दोघांनी वर मागितला एकाच क्षणी मरण्याचा. एक ओक झाला, एक लिंडन. साल तोंडापर्यंत येईपर्यंत दोघं बोलत राहिली आणि एकदमच एकमेकांचा निरोप घेतला. अडीचशे कथांत निरोप घेण्याची सवड फार थोड्यांना मिळाली आहे.

---

गोदातीर

पंधराव्या सर्गात पायथागोरस येतो त्याबद्दल कुणी बोललं नाही. सगळं बदलतं, काहीच नष्ट होत नाही, आत्मा एका देहातून दुसऱ्यात जातो, म्हणून प्राण्यांना खाऊ नका, त्यात तुमचाच आप्त असेल. तो स्वतः ट्रॉयच्या युद्धात युफोर्बस नावाचा योद्धा होता असं सांगतो. आपल्याला हे ओळखीचं वाटतं. पण मला वाटतं ते आधीच्या कथांशी जुळत नाही. पुनर्जन्मात मध्ये मरण असतं आणि पायथागोरससारखा एखादा सोडला तर मागचं आठवत नाही. आयोला मरण आलंच नाही आणि ती काहीच विसरली नाही. तत्त्वज्ञान दिलासा देतं, कथा तो देत नाहीत.

---

बखरकार

गोदातीर, त्या भाषणाला काव्याची गुरुकिल्ली मानावं की नाही यावर अभ्यासकांत जुना वाद आहे. मी तुमच्या बाजूचा.

जाता जाता : भारताशी थेट संबंध असलेलं रूपांतरांचं काव्य हवं असेल तर पाचव्या शतकातला इजिप्तमधला ग्रीक कवी नॉनस. त्याचं 'डायोनिसिआका' ४८ सर्गांचं आहे आणि विषय मद्याचा देव डायोनायसस याची भारतावरची स्वारी. तो सरोवराचं पाणी दारूत बदलतो, ते पिऊन भारतीय सैनिक झिंगतात. डेरिआडीज नावाचा भारतीय राजा आहे, हायडास्पीस म्हणजे झेलम नदी देव म्हणून लढते. बाराव्या सर्गात अँपेलॉस नावाचा तरुण मेल्यावर द्राक्षवेल होतो. नॉनसने भारत पाहिलेला नाही हे पानापानावर कळतं, तरी वाचण्यासारखं आहे.

---

वेतसी

बखरकार, नॉनसवर वेगळा धागा हवाच, आणि तो तुम्ही काढा. अँपेलॉसपासून सुरुवात करा, तिथे डायोनायसस रडतो आणि देवांना रडता येत नाही हा ओव्हिडचा दुसऱ्या सर्गातला दंडक मोडतो. मी तोवर कॅलिमाकसच्या सूक्तातलं टायरेसिअसच्या आईचं बोलणं मराठीत आणते आणि इथेच टाकते. तिथे टायरेसिअसला जूनो नव्हे, अथीनी (म्हणजे मिनर्व्हा) आंधळं करते आणि तिचं सांत्वन करताना अ‍ॅक्टिऑनचं उदाहरण देते : त्याचे आईबाप, मुलगा नुसता आंधळा झाला असता तर भाग्य समजले असते. पाचूबेट आणि निशिगंध, त्यावर तुमचं म्हणणं वाचायचं आहे.